ठेका, शब्द आणि शेजार : 'ऑब्सेशन ७७' ते 'तीन पैशाचा तमाशा'

एखाद्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात त्या भाषेत न लिहिल्या गेलेल्या गोष्टींनाही काही स्थान असते काय, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला वारंवार पडतो. सत्तरीच्या दशकातील मुंबईचे रॉकसंगीत हे अशा प्रश्नाचे एक ठळक उदाहरण होय. हे संगीत मराठी मुलखाच्या राजधानीत घडले. ते वाजवणाऱ्यांत, गाणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत मराठीभाषकही होते. तरीही त्याची भाषा जवळजवळ सर्वस्वी इंग्रजी राहिली. मराठी साहित्याच्या व संगीताच्या इतिहासकारांनी त्यामुळे त्याकडे पाहिले नाही. आणि रॉकसंगीताच्या इतिहासकारांनी जेव्हा पाहिले तेव्हा त्यांना मराठी दिसली नाही.

प्रस्तुत निबंधात या दुहेरी दुर्लक्षाच्या मधोमध असलेल्या दोन कृतींचा एकत्र विचार केला आहे. पहिली कृती म्हणजे मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या तरुण बँडचा 'ऑब्सेशन ७७' हा एकुलता एक स्टुडिओ अल्बम. दुसरी म्हणजे पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये रंगमंचावर आणलेले 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक. पहिलीत फंकचा ठेका आणि त्या काळी 'हेवी' म्हटला जाणारा, पुढे 'मेटल' या नावाने स्थिरावलेला गिटारचा नाद एकत्र आला, पण मराठी शब्द आला नाही. दुसरीत मराठी शब्द आला आणि त्याच्याबरोबर रॉकचा नादही आला. पण हा संयोग परंपरा होऊ शकला नाही. या दोन अपुरेपणांची तुलना केली असता मराठीच्या ग्रहणशक्तीविषयी काही निश्चित विधाने करता येतात.

१. फंक आणि मेटल : दोन नादव्यवस्था

फंक आणि मेटल या संज्ञा आज इतक्या सैलपणे वापरल्या जातात की त्यांचा सांगीतिक आशय आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. जेम्स ब्राउन यांच्या १९६७ च्या 'कोल्ड स्वेट' या रचनेपासून फंकचा स्वतंत्र विचार होऊ लागतो. या संगीतात स्वररचनेपेक्षा लयीला अग्रमान असतो. बास, ड्रम, गिटार आणि पितळी वाद्ये यांतील प्रत्येकाकडे एक छोटी, तुटक आकृती असते. या आकृती एकमेकींच्या फटींत बसतात आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सर्व जण एकत्र येतात. या पहिल्या मात्रेला ब्राउन आणि त्यांचे वादक नुसते 'द वन' म्हणत. हिंदुस्थानी संगीताशी परिचित असलेल्या वाचकास समेची कल्पना आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही कल्पना एकच नव्हेत. समेला तालाच्या दीर्घ आवर्तनाची आणि खालीची पार्श्वभूमी असते, तर फंकचे आवर्तन आखूड असते. परंतु भटकून पुन्हा पहिल्या मात्रेवर येण्यातील समाधान हे दोहोंचे समान अधिष्ठान आहे.

मेटलची व्यवस्था वेगळी आहे. 'ब्लॅक सॅबथ'चा १९७० चा पहिला अल्बम हा तिचा सोयीचा आरंभबिंदू मानला जातो. विद्युत गिटारचा नाद मुद्दाम फाटेल इतका वाढवायचा आणि एक लहानशी, जड स्वराकृती, म्हणजे रिफ, पुन्हा पुन्हा वाजवत राहायचे, हे तिचे मुख्य सूत्र. या रिफमध्ये पुष्कळदा जो 'पॉवर कॉर्ड' येतो त्यात केवळ मूळ स्वर आणि त्याचा पंचम असतो, गांधार नसतो. गांधार नसल्यामुळे पाश्चात्त्य संगीतातील मेजर-मायनर हा भेद तेथे अनिश्चित राहतो. षड्ज-पंचमात जुळवलेल्या तानपुऱ्यावर गायकाला कोमल वा शुद्ध गांधार घेण्याची जी मोकळीक असते, तिच्याशी ही स्थिती विलक्षण जुळणारी आहे.

या दोन व्यवस्थांच्या मीलनाला 'फंक-मेटल' हे नाव अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाले. 'रेड हॉट चिली पेपर्स'चा पहिला अल्बम १९८४ चा, 'फेथ नो मोअर'चा 'वुई केअर अ लॉट' १९८५ चा आणि 'लिव्हिंग कलर'चा 'व्हिव्हिड' १९८८ चा. नाव मिळण्यापूर्वीही हे मिश्रण होतेच. 'फंकाडेलिक'चा १९७१ चा 'मॅगट ब्रेन' हे त्याचे सुपरिचित उदाहरण. तेव्हा मुंबईच्या अल्बमासाठी अग्रक्रमाचा दावा करण्यात अर्थ नाही. तो दावा खोटा ठरेल आणि मुख्य म्हणजे निरुपयोगी ठरेल. खरा प्रश्न वेगळा आहे : ज्या शहरात ढोलकी आणि तानपुरा हाकेच्या अंतरावर होते, त्या शहरात हे मिश्रण कोणत्या रूपात आले आणि कशाला स्पर्श न करता गेले?

२. 'ऑब्सेशन ७७'

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मुंबईत रॉकसंगीताला स्वतःची अशी एक छोटी दुनिया होती. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धांतून १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या तबकड्या निघाल्या. कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये बँड वाजत असत. १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले असता तेथे वाजवून गेले. त्याच मुक्कामात त्यांनी मुंबईतील वादकांना घेऊन आपल्या दोन रचनांचे ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतरीत्या प्रसिद्ध झाले तेव्हा २०१५ साल उजाडले होते. या प्रसंगाचे महत्त्व दंतकथेपुरते नाही. परदेशी रॉकवादक मुंबईत येऊन सतार, सारंगी, तबला यांच्याकडे वळत होते आणि त्याच वेळी मुंबईचे तरुण वादक त्यांच्या गिटारकडे पाहत होते. दोन्हीकडची ओढ परस्परांच्या वाद्यांची होती. भाषेची ओढ कोणालाच नव्हती.

या वातावरणात 'ॲटॉमिक फॉरेस्ट' हा बँड वाढला. बास गिटारवादक कीथ कांगा हे त्याच्याशी निगडित असलेले प्रमुख नाव. त्या काळच्या सर्वच भारतीय बँडप्रमाणे त्यांचाही उदरनिर्वाह परक्या गाण्यांवर चाले. नृत्यगृहात येणाऱ्या श्रोत्याला परिचित गाणेच हवे असे. स्वतःची रचना वाजवणे हा वादकांचा हट्ट समजला जाई. विद्युत वाद्ये आयात करणे जकातीमुळे दुष्कर होते. स्थानिक कारागिरांनी बांधलेल्या ध्वनिवर्धकांवर आणि हातोहात विकल्या जाणाऱ्या जुन्या गिटारांवर ही पिढी वाजत होती.

अल्बमाच्या नावातच १९७७ हे साल आहे. शीर्षकरचनेत गायनापेक्षा वाद्यमेळाला प्राधान्य आहे. तिचा पाया फंकचा : बासची तुटक, उड्या मारणारी चाल आणि तिच्याशी अडकलेले ड्रम. त्यावर गिटारचा फाटलेला, जड नाद. दोन्ही थर एकजीव झालेले नाहीत. ठेका पुढे निघून जाऊ पाहतो आणि गिटार त्याला जमिनीकडे ओढते. या रचनेचे चैतन्य याच ओढाताणीत आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या तुलनेत ध्वनिमुद्रण साधे आहे, आणि त्या साधेपणामुळेच चार-पाच माणसे एका खोलीत एकत्र वाजवत असल्याची जाणीव टिकून राहते.

अल्बम निघाला आणि विस्मृतीत गेला. लॉस एंजेलिस येथील 'नाऊ-अगेन रेकॉर्ड्स' या कंपनीने २०११ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केल्यावर परदेशी संग्राहकांच्या वर्तुळात त्याची चर्चा झाली. त्यापाठोपाठ २०१४ मध्ये सिद्धार्थ भाटिया यांच्या 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकाने या पिढीचा सलग वृत्तान्त मांडला. पुनःशोधाची ही दिशा लक्षणीय आहे. मुंबईत झालेली कृती मुंबईला अमेरिकेमार्फत परत मिळाली. ज्या कृतीला स्थानिक भाषेचा आधार नसतो तिला स्थानिक स्मृतीचाही आधार मिळत नाही, असा एक निष्कर्ष येथे सुचतो. पण तो घाईने काढू नये. भाषा का आली नाही, याची कारणे आधी पाहावी लागतील.

३. मराठी शब्दाची अडचण : खरी किती, मानलेली किती?

'मराठी ही रॉकची भाषा नव्हे' हे विधान वादकांच्या तोंडी नेहमी ऐकू येते. या विधानाचा छंदःशास्त्राच्या अंगाने विचार केलेला मात्र क्वचितच आढळतो.

इंग्रजी पद्य आघातावर चालते. रॉकच्या चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा जो ठोसा बसतो, त्या 'बॅकबीट'शी इंग्रजीतील एकाक्षरी, आघातयुक्त शब्द सहज जुळतात. मराठीत शब्दगत आघात अर्थभेदक नाही. तिचे पद्य मुख्यतः लघु-गुरूंच्या, म्हणजे कालमानाच्या, हिशेबाने चालते. शिवाय मराठी शब्द विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये अंगावर घेऊन लांबत जातो. 'घर' या दोन अक्षरांचे 'घरातल्यासारखे' असे सात अक्षरांचे रूप होते. असा शब्द ओरडून म्हणता येत नाही. तो उलगडावाच लागतो. एवढी अडचण खरी आहे.

परंतु दुसरी बाजूही आहे. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना'त मात्रावृत्तांची, म्हणजे जातींची, जी आवर्तनानुसार मांडणी केली तीत आठ मात्रांच्या आवर्तनाचा पद्मावर्तनी हा मोठा वर्ग आहे. मराठी गीतरचनेचा फार मोठा भाग या वर्गात मोडतो. आठ मात्रांचा केरवा आणि धुमाळी हे ठेके लावणीला, भजनाला आणि भावगीताला समान आहेत. रॉकचे चार मोठ्या मात्रांचे आवर्तन दुपटीने मोजले की याच आठांत बसते. म्हणजे संख्येचा विरोध नाही; विरोध आहे तो वजनाच्या जागेचा. मराठी जातीचे वजन आवर्तनाच्या आरंभी पडते; रॉकचे त्यानंतर पडते.

येथे फंकचे महत्त्व लक्षात येते. फंकमध्ये पहिली मात्राच सर्वश्रेष्ठ. या एका गोष्टीमुळे फंकचा ठेका साध्या रॉकपेक्षा मराठी जातीच्या अधिक जवळ येतो. ढोलकीवादक तुकडा घेऊन समेवर येतो आणि त्या क्षणी नर्तकीचे पाऊल पडते. मधल्या फटींतून तुणतुणे आणि मंजिरी आपापली कामगिरी बजावत असतात. एकमेकांत अडकलेल्या लहान आकृतींची ही वीण फंकच्या वादकाला परकी वाटण्याचे कारण नाही. जड रिफचेही तसेच. डफावर एकच आघाताकृती चालू ठेवून तिच्यावर उंच पट्टीत कथन करणारा शाहीर हा, रचनेच्या दृष्टीने पाहता, रिफवर शब्द फेकणाऱ्या गायकाचा दूरचा नातेवाईकच ठरतो. त्यातच षड्ज-पंचमाचे साम्य पूर्वी नोंदवले आहे.

तात्पर्य, फंक आणि मेटल हे दोन्ही घटक मराठी कानाला रॉकच्या सरासरी रूपापेक्षा जवळचे होते. अडचण नादात नव्हती. ती शब्दात काही अंशी होती आणि बरीचशी समाजात होती. रॉकचा श्रोता दक्षिण मुंबईतील इंग्रजी शाळा-महाविद्यालयांतून आलेला होता. त्याच्यासाठी हे संगीत म्हणजे घरच्या भाषेपासून घेतलेली मोकळीक होती. तीच भाषा गाण्यात परत आणणे म्हणजे मोकळीक सोडून देण्यासारखे होते. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांच्या दृष्टीने मराठी गाणे म्हणजे भावगीत, भक्तिगीत, नाट्यगीत, लावणी आणि चित्रपटगीत. ठरलेल्या या कप्प्यांत न बसणाऱ्या गाण्याला दुकानात जागा नव्हती.

४. कोलटकरांची गाणी

द्वैभाषिक लेखकाचे एक उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. अरुण कोलटकर यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी इंग्रजीत ब्लूज आणि रॉक यांच्या वळणाची गाणी लिहिली आणि त्यांतील काहींचे प्रायोगिक ध्वनिमुद्रणही केले. त्यांची संहिता अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' (२००९) या संग्रहात पाहावयास मिळते. कोलटकर पखवाजाचे शिक्षण घेतलेले होते. तुकारामाची भाषांतरे करत होते. मुंबईच्या रस्त्यावरची मिश्र बोली त्यांनी आपल्या मराठी कवितेत धीटपणे आणली होती. मराठी रॉकगीत लिहिण्यासाठी लागणारी सारी सामग्री एकाच माणसाकडे होती. तरीही गिटार हाती घेतल्यावर त्यांनी इंग्रजी निवडली, आणि मराठीत ते भजनाच्या नादाकडे वळले.

याला दोष म्हणता येणार नाही. कोलटकरांच्या दोन भाषा दोन वेगवेगळ्या नादांशी जोडल्या गेल्या होत्या आणि त्यांनी ही जोडणी मुद्दाम राखली, असे दिसते. मुंबईतील रॉकवादकांच्या बाबतीत जे अजाणता झाले ते कोलटकरांच्या बाबतीत जाणीवपूर्वक झाले. प्रत्येक नादाची एक भाषा ठरलेली, हा संकेत इतका बळकट होता की तो मोडण्यासाठी कवीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या माध्यमाची गरज होती. ते माध्यम रंगभूमीने पुरवले.

५. 'तीन पैशाचा तमाशा'

लंडनमध्ये १७२८ साली जॉन गे यांचे 'द बेगर्स ऑपेरा' रंगभूमीवर आले. लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींना नवे, उपहासगर्भ शब्द देणे ही त्याची युक्ती होती. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, एलिझाबेथ हाउप्टमान यांच्या जर्मन भाषांतराच्या आधाराने बर्टोल्ट ब्रेख्ट आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी बर्लिनमध्ये 'थ्री पेनी ऑपेरा' सादर केला. वाइल यांनी जुन्या चाली बहुतांशी बाजूला ठेवून आपल्या काळच्या जॅझ आणि नृत्यगृहांतील संगीताचा आश्रय घेतला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी ती संहिता मराठीत आणली आणि जब्बार पटेल यांनी थिएटर अकॅडमीसाठी ती दिग्दर्शित केली. संगीताची बाजू भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांनी सांभाळली.

'द बेगर्स ऑपेरा'ची युक्ती मराठी रंगभूमीला अपरिचित नव्हती. किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून संगीत नाटकाच्या छापील संहितेत पदाच्या वर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश करण्याची पद्धत होती. कीर्तन, लावणी, कानडी पदे अशा अनेक ठिकाणांहून चाली घेतल्या जात. म्हणजे गे यांचे 'बॅलड ऑपेरा' आणि किर्लोस्करांचे संगीत नाटक यांचे रचनातत्त्व एकच : लोकांनी ओळखलेली चाल आणि त्यांनी न ऐकलेला शब्द. पु. लं.ना ब्रेख्टपर्यंत पोहोचण्यासाठी परकी वाट चालावी लागली नाही; घरचाच जुना जिना उतरावा लागला. शीर्षकात 'ऑपेरा'च्या जागी 'तमाशा' आला तो या जाणिवेतून.

नंदू भेंडे यांची निवड हा या प्रयोगातील सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल. आत्माराम भेंडे आणि बेने इस्रायली कुटुंबातून आलेल्या डॉ. आशा भेंडे या मराठी रंगभूमीवरील दांपत्याचे ते पुत्र. मात्र त्यांची स्वतःची वाढ 'व्हेल्व्हेट फॉग', 'सॅव्हेज एन्काउंटर' यांसारख्या मुंबईच्या इंग्रजी रॉक बँडमध्ये झाली होती. ॲलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत केलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक ऑपेरात त्यांनी जूडासची भूमिका गाजवली. 'तीन पैशाचा तमाशा'त त्यांच्याकडे अंकुशची, म्हणजे ब्रेख्टच्या मॅकहीथची, भूमिका आली.

गाण्यांची वाटणी पात्रानुसार झाली. नाट्यसंगीत, लावणी, हिंदुस्थानी सुगम गायकी आणि पाश्चात्त्य पॉप-रॉक असे अनेक ढंग एका प्रयोगात आले. पण एका गाण्यात कालवले गेले नाहीत. अंकुश रॉकच्या वळणाने गातो. माधुरी पुरंदरे यांची झुलन दुसऱ्या परंपरेतून गाते. ब्रेख्ट यांनी आपल्या सिद्धान्तात नाट्याचे घटक वेगळे ठेवण्यावर भर दिला होता. संगीताने शब्दाला साखरेत घोळू नये, त्याच्याकडे त्रयस्थपणे पाहावे, हा त्यामागील हेतू. मराठी प्रयोगात हे वेगळेपण संगीत आणि शब्द यांच्या दरम्यान तर राहिलेच, शिवाय एका संगीतप्रकाराचे दुसऱ्याशीही राहिले. गुंडाच्या तोंडी रॉक आल्याने तो आधुनिक, मोहक आणि परका ठरतो. त्याच्या शेजारी नाट्यसंगीत आले की तेही एकाएकी परके वाटू लागते. प्रेक्षकाला आपल्याच संगीताकडे दुरून पाहावे लागते.

छंदाची जी अडचण वर सांगितली तिचे उत्तरही येथे मिळाले. नाटकातील पद्य हे पात्राचे बोलणे असते. संवादाची फेक सांभाळून गाणारा नट लांब शब्दाला बॅकबीटच्या आधी सुरुवात करतो, ठोसा त्याच्या अंगावरून जाऊ देतो आणि क्रियापदावर येऊन थांबतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. त्यामुळे अर्थाचे वजन आणि तालाचे वजन आवर्तनाच्या संधीवर एकत्र आणता येते. रॉकगायकाचे तंत्र आणि नटाचे उच्चारण एका व्यक्तीत एकत्र असल्याशिवाय हे साधणारे नव्हते. बँडमध्ये वाढलेल्या आणि नटांच्या घरी जन्मलेल्या गायकाकडे ते होते.

६. मिश्रण आणि शेजार

या तुलनेतून दोन तत्त्वे वेगळी करता येतात. एक मिश्रणाचे, ज्यात घटकांची ओळख पुसून तिसरेच काही तयार करण्याचा प्रयत्न असतो. दुसरे शेजाराचे, ज्यात घटक जवळ येतात, एकमेकांवर परिणाम करतात, पण आपापली दारे राखून असतात. गेल्या अर्धशतकात 'फ्यूजन' या शब्दाने पहिल्या तत्त्वाला नको तेवढी प्रतिष्ठा दिली. मराठी परंपरेचा अनुभव मात्र दुसऱ्या तत्त्वाच्या बाजूने साक्ष देतो.

काशीतील मराठी वस्तीचा इतिहास हे या शेजाराचे जिवंत उदाहरण होय. पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांच्या मागील दूधविनायक परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांनी घरात मराठी, गल्लीत बनारसी बोली आणि पाठशाळेत संस्कृत अशी व्यवस्था सांभाळली. तिन्ही भाषांचे एकमेकींवर ठसे उमटले. दूधविनायकच्या मराठीत गंगेकाठचे शब्द आले, हेल आला. पण या भाषांची एक खिचडी झाली नाही. प्रत्येकीचे काम ठरलेले राहिले आणि म्हणूनच मराठी तेथे टिकली.

याच काशीत एकनाथांनी १५७३ मध्ये भागवतावरील आपली टीका पूर्णत्वास नेली. संस्कृत विद्येच्या केंद्रात मराठी ग्रंथ सिद्ध होणे ही केवढी मोठी घटना होती, हे सांगावयास नको. त्याच एकनाथांनी भारूडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या अशा रस्त्यावरच्या आवाजांना जागा दिली आणि 'हिंदू-तुर्क संवादा'त दोन धर्मांच्या माणसांना आपापल्या बोलीत भांडू दिले. तेथे मराठी आणि हिंदुस्थानी यांची सरमिसळ करून मधली भाषा घडवलेली नाही. दोन बोली समोरासमोर उभ्या केल्या आहेत. सोंग घेणारा एकच, आवाज अनेक, हे भारुडाचे तत्त्व आणि पात्रागणिक संगीत बदलणारे 'तीन पैशाचा तमाशा'चे तत्त्व यांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

विसाव्या शतकातही हेच दिसते. गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या 'मानापमाना'त पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचे वळण मराठी पदांना दिले आणि बनारसचा नाद मराठी माजघरात गेला. १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटात केशवराव भोळे यांच्या संगीतात शांता आपटे यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायिली. ती मराठी गाण्यांच्या शेजारी इंग्रजीच राहिली आणि नायिकेच्या बंडखोरीचे चिन्ह ठरली. मराठीने परका नाद घेतला तो बहुधा पात्राच्या तोंडून, प्रसंगाच्या निमित्ताने. रंगभूमी हे तिचे जकातनाके होते. तेथून जे आले ते आपले झाले.

या दृष्टीने पाहता 'ऑब्सेशन ७७' मधील फंकचा ठेका आणि जड गिटार यांची न मिटलेली ओढाताणही वेगळ्या प्रकाशात दिसते. तीही मूलतः शेजाराचीच रीत आहे. त्या शेजारात तिसरे घर मोकळे राहिले, एवढेच.

७. परंपरा का झाली नाही?

'तीन पैशाचा तमाशा'नंतर मराठी रॉकची एक धारा निर्माण होणे अशक्य नव्हते. त्याच १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली. आफ्रिकी-अमेरिकी संगीताला शहरात नवा श्रोता मिळत होता. तरीही धारा निर्माण झाली नाही. याची तीन कारणे देता येतील.

पहिले कारण असे की, रंगभूमीवरील यश प्रयोगापुरते असते. नाटक थांबले की त्याचे संगीत नटांबरोबर पांगते. बँडला रियाजाचे, सहवासाचे आणि ध्वनिमुद्रणाचे जे सातत्य लागते ते नाट्यसंस्था देऊ शकत नव्हती.

दुसरे कारण हिंदी चित्रपटाची ओढ. फंकचा ठेका ऐंशीच्या आरंभी डिस्कोच्या वेषात हिंदी चित्रपटात शिरला आणि तेथेच स्थिरावला. नंदू भेंडे स्वतः १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये गायिले. जो नाद मराठीत रुजू शकला असता त्याला हिंदीत तयार बाजारपेठ मिळाली.

तिसरे कारण म्हणजे रॉकवादकांच्या पुढच्या पिढीने स्वतःची रचना करण्याचा हक्क मिळवला तो इंग्रजीत. महेश तिनईकर, उदय बेनेगल आदींच्या 'रॉक मशीन'चा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला अल्बम १९८८ मध्ये आला. परक्या गाण्यांची नक्कल सोडून स्वतःचे गाणे, ही त्यांची लढाई होती आणि ती त्यांनी जिंकली. १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेऊन त्यांनी भारतीय वाद्यांकडेही पाहिले. एका पिढीने एकाच वेळी रचनेची आणि भाषेची अशा दोन लढाया लढाव्यात, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. दोन हजारनंतर मुंबईच्या परिसरात 'भयानक मौत' आणि 'स्क्राइब' यांसारखे मेटलचे बँड पुढे आले. 'स्क्राइब'ने हिंदी चित्रपटातील पात्रे, विनोद आणि रस्त्यावरची बोली यांना आपल्या आक्रमक संगीतात जागा दिली. देशी भाषेला मेटलचे वावडे नाही, हे त्यातून सिद्ध झाले. पण येथेही पुढाकार मराठीकडे नव्हता.

नंदू भेंडे आणि आनंद मोडक यांचे २०१४ मध्ये दीड महिन्याच्या अंतराने निधन झाले. भास्कर चंदावरकर २००९ मध्येच गेले होते. ज्या तिघांनी १९७८ मध्ये मराठी शब्द आणि पाश्चात्त्य ठेका यांचा हिशेब प्रत्यक्ष प्रयोगात जुळवून दाखवला होता, त्यांच्या कामाची सांगीतिक-छांदस मीमांसा त्यांच्या हयातीत पुरेशी झाली नाही. नाट्यसमीक्षेने त्या नाटकाकडे ब्रेख्टचे रूपांतर म्हणून पाहिले आणि संगीतसमीक्षेने त्याला नाटक मानून सोडून दिले.

यातून अभ्यासाची एक दिशा स्पष्ट होते. आधुनिक मराठी गीताचा इतिहास लिहिताना केवळ मराठीत छापलेली व गायिलेली सामग्री पुरेशी नाही. मराठी मुलखात इतर भाषांत झालेले संगीत, त्यात मराठी न येण्याची कारणे आणि ती अकस्मात आली ते क्षण, या सर्वांचा एकत्र विचार करावा लागेल. 'ऑब्सेशन ७७'मध्ये मराठी नाही, म्हणून तो अल्बम मराठीच्या इतिहासाबाहेरचा ठरत नाही. एका वर्षाच्या अंतराने मराठीने जे करून दाखवले ते किती कठीण आणि किती जवळचे होते, याचे माप त्याच अल्बमातून मिळते.